मीठ जातं कुठे?

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं तसे सोलापुरात दोन तट पडले. एक तट म्हणतो, खनिज तेलापेक्षा हे केव्हाही बरं. आपल्या शिवारातल्या उसाचं आहे, परकीय चलन वाचतं, आणि कारखान्याच्या हाती चार पैसे खेळले तर एफआरपीसाठी, म्हणजे उसाच्या किमान दरासाठी, आंदोलन करावं लागत नाही. दुसरा म्हणतो, सगळी धूळफेक आहे. गाडीचं मायलेज घटलं, रबरी पाइप गेले, आणि मळीमिश्रित पाण्यानं ओढे काळे पडले. पहिल्याच्या लेखी दुसरा विकासाचा वैरी, दुसऱ्याच्या लेखी पहिला कारखान्याचा माणूस. भांडण रंगतं खरं, पण ज्या एका प्रश्नावर ते व्हायला हवं तो कुणाच्याच तोंडी येत नाही. इंधन तयार होताना जे पाणी बाहेर पडतं, त्यातलं मीठ शेवटी जातं कुठे?

मीठ म्हणजे डब्यातलं मीठ एवढंच नव्हे. पाण्यात विरघळलेले सगळे क्षार त्यात आले: सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराइड, सल्फेट. इंधन खनिज की जैविक, पाणी विषारी की सेंद्रिय, या जोड्यांवर वाद घालून हाती काही लागत नाही. सेंद्रिय घाण कितीही भयंकर असली तरी जिवाणू तिला खातात, ऊन आणि हवा तिला संपवतात. क्षार सडत नाही, जळत नाही, वाफेबरोबर उडून जात नाही. तो फक्त जागा बदलतो. म्हणून माझं म्हणणं असं की इंधनाच्या सांडपाण्याचा हिशोब क्षाराच्या वजनात मागितला पाहिजे. हे शहाणपण नवं नाही. शंभर वर्षं चुका करून तेलधंदाच ते शिकला आहे, आणि आपण त्याच चुका पहिल्या पानापासून गिरवायला बसलो आहोत.

तेलविहिरीतून तेल निघतं हे अर्धं सत्य आहे. बहुतेक विहिरींतून मुख्यतः पाणी निघतं आणि त्याच्यासोबत तेल. ज्या खडकाच्या छिद्रांत तेल असतं त्याच छिद्रांत लाखो-कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राचं पाणी अडकलेलं असतं. विहीर नवी असते तोवर तेल जास्त येतं; वय झालं की पाणी चढत जातं. शिवाय दाब टिकवायला कंपनी स्वतःच खाली पाणी ढकलते, तेही फिरून वर येतं. एका बॅरल तेलामागे साधारण तीन बॅरल पाणी अशी जगाची सरासरी धरतात. थकलेल्या विहिरींत हे प्रमाण सात-दहापर्यंत जातं. एकट्या अमेरिकेत २०१७ साली असं सुमारे २,४४० कोटी बॅरल पाणी वर आलं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असतो. तेलाच्या पाण्यात तो कुठे पाच-दहा ग्रॅम, तर पेनसिल्व्हेनियाच्या शेल खडकात किंवा उत्तर डकोटात २०० ग्रॅमच्याही वर सापडतो. मधला १०० ग्रॅमचा आकडा धरू. बॅरल म्हणजे १५९ लिटर. तीन बॅरल पाण्यात ४८ किलोच्या आसपास क्षार. थोडक्यात, दर बॅरल तेलाबरोबर मिठाचं एक पोतं जमिनीवर येतं. वर बेंझिन, बेरियम, ब्रोमाइड, बोरॉन, अमोनिया आणि किरणोत्सारी रेडियम आहेतच.

या पाण्यातलं तेल काढणं फारसं अवघड नाही, आणि घोळाची सुरुवात तिथेच होते. आधी मोठ्या टाकीत तेल वर, पाणी खाली असं वेगळं करतात. मग पन्हाळीच्या पत्र्यासारख्या तिरप्या पट्ट्यांमधून पाणी संथ सोडतात. तेलाचे थेंब पट्टीच्या खालच्या अंगाला चिकटून एकमेकांत मिसळतात आणि वर सरकतात. उरलेल्या बारीक थेंबांसाठी खालून वायूचे बुडबुडे सोडायचे, ते तेलाला घेऊन फेसाबरोबर वर येतात. शेवटी अक्रोडाच्या कवचाच्या चुऱ्याची गाळणी. नीट चाललं तर हजारो मिलिग्रॅमवरून तेल दहा-वीस मिलिग्रॅमवर उतरतं. आपल्या देशाचा नियमही तेलच मोजतो: जमिनीवरच्या क्षेत्रात लिटरला १० मिलिग्रॅमची मर्यादा, समुद्रात ९५ टक्के नमुन्यांत ४० आणि कधीच १०० च्या वर नाही. या सगळ्या खटाटोपात क्षार किती कमी झाला? एक चिमूटही नाही. पाणी नितळ दिसतं, वास येत नाही, आणि खारटपणा जसाच्या तसा.

मुंबई हायला हे चालून जातं. १९७४ साली सापडलेलं ते क्षेत्र भर समुद्रात आहे. तिथे तेल काढून सोडलेल्या पाण्याच्या बाकीच्या घटकांची काळजी करावी लागते, पण मुळातच खाऱ्या समुद्राला मिठाचं ओझं होत नाही. तेच पाणी करमाळ्याच्या नाहीतर मंगळवेढ्याच्या रानात सोडलं तर? ज्वारीचं ते रान पुढच्या पिढीच्याही कामाचं राहणार नाही. पाणी तेच, जागा बदलली की निकाल बदलला. "हे पाणी सुरक्षित आहे का" या प्रश्नाला जागेशिवाय उत्तरच नसतं, आणि आपल्याकडच्या चर्चेत जागेचं नाव सर्वांत शेवटी निघतं.

तेलधंद्याला हे कळायला किती वेळ लागला ते पाहण्यासारखं आहे. टेक्सास-ओक्लाहोमात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विहिरीशेजारी खड्डा खणायचा आणि खारं पाणी त्यात सोडून द्यायचं, ही सर्रास रीत होती. खड्ड्याला नाव बाष्पीभवनाचं. पाणी उन्हानं उडून जातं, मग अडचण काय, असा युक्तिवाद. पाणी थोडं उडायचं, बरंचसं मुरायचं, आणि मीठ सगळंच्या सगळं मागे राहायचं. पावसात ते शेजारच्या ओढ्यात आणि विहिरीत उतरायचं. टेक्सासनं राज्यभर हे खड्डे बंद केले ते १९६९ साली, म्हणजे तेल लागल्यावर दोन पिढ्यांनी. ओक्लाहोमाच्या ओसेज परगण्यात, स्कियाटूक तलावाकाठी, १९७३ च्या सुमारास बंद पडलेल्या एका जुन्या क्षेत्राचा अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणानं अभ्यास केला. विहिरी थांबून दशकं उलटली तरी तिथे गवत न उगवणारे टक्कल पडल्यासारखे पट्टे होते आणि खालच्या भूजलात खारा लोट सरकतच होता. सांडलेलं तेल जिवाणूंनी बरंच खाऊन टाकलं होतं. मीठ कोण खाणार?

खड्डे गेले, मग नद्या आल्या. पेनसिल्व्हेनियात शेल वायूच्या सुरुवातीच्या वर्षांत विहिरींचं पाणी टँकरनं शहरांच्या सांडपाणी केंद्रांवर आणि काही खासगी केंद्रांवर नेत. तिथे सल्फेट घालून बेरियम-रेडियमचा साका बसवत; क्लोराइड आणि ब्रोमाइड मात्र आरामात पलीकडे निघून जाई. खालच्या अंगाला जलशुद्धीकरण केंद्रं होती. ब्रोमाइड असलेल्या पाण्यात क्लोरीन घातलं की ब्रोमिनयुक्त ट्रायहॅलोमिथेन तयार होतात, जे साध्या क्लोरीनच्या उपपदार्थांपेक्षा घातक मानले जातात. म्हणजे वरच्यानं 'प्रक्रिया केलेलं' पाणी सोडलं, खालच्यानं नियमानुसार क्लोरीन घातलं, आणि दोन बरोबर कामांतून एक चूक जन्माला आली. ब्लॅकलिक नावाच्या ओढ्यात अशा एका केंद्राच्या तोंडाशी गाळातलं रेडियम वरच्या अंगापेक्षा सुमारे २०० पट सापडलं. २०११ मध्ये राज्यानं कंपन्यांना हे पाणी अशा केंद्रांवर पाठवू नका म्हणून सांगितलं. २०१६ मध्ये केंद्रीय नियमानं शहरी सांडपाणी केंद्रांची वाट पूर्ण बंद केली.

आता तेलवाल्यांच्या बाजूनं जे सर्वांत भक्कम आहे ते मान्य करू. पाणी जिथून आलं तिथेच, हजार-दोन हजार मीटर खाली परत घालणं हा या मिठावरचा आजवरचा सगळ्यात समंजस उपाय आहे. विहीर नीट बांधली असेल तर गोड्या पाण्याच्या थराच्याही खालपर्यंत पोलादी नळी आणि तिच्याभोवती सिमेंट, आत दुसरी नळी, तिच्यात तिसरी अरुंद नळी, आणि तळाशी पॅकर म्हणजे रबरी बूच. नळ्यांमधल्या पोकळीचा दाब पाहत राहायचं. तो हलला की कुठेतरी गळती आहे. अमेरिकेत अशा तेलक्षेत्रातल्या विहिरी लाखाच्या घरात आहेत आणि त्यांची दाबचाचणी किमान पाच वर्षांतून एकदा करावी लागते. आपल्याकडे बाडमेरच्या मंगला क्षेत्रात दाब टिकवायला कालव्याचं गोडं पाणी न घेता थुंबली इथल्या खोल, खाऱ्या जलधराचं पाणी वापरतात. वाळवंटात याहून शहाणा निर्णय कोणता असणार?

पण हिशोब ठेवला नाही तर हा उपायही उलटतो. ओक्लाहोमात २००९ पूर्वी तीन रिश्टरच्या वरचे भूकंप वर्षाला एखाद-दोन होत. शेकडो विहिरींतून खारं पाणी आर्बकल नावाच्या खोल थरात ओतायला लागल्यावर २०१५ मध्ये ते ९०० च्या घरात गेले, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये पॉनी गावाजवळ ५.८ चा झाला. कारण गूढ नव्हतं: थरातला पाण्याचा दाब वाढला, जुन्या भेगांना दाबून धरणारी पकड सैल झाली, भेग घसरली. डेन्व्हरजवळ १९६२ ते १९६६ मध्ये लष्करी कारखान्याचं रासायनिक पाणी साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत घालताना हेच घडलं होतं, तरी पन्नास वर्षांनी पुन्हा घडवून पाहावं लागलं. नियामकांनी ओतायचं पाणी कमी करायला लावलं तेव्हा धक्के उतरले. एकेक विहीर परवान्यात बसत होती. सगळ्या विहिरींची बेरीज कुणी मांडली नव्हती.

हे सगळं सोलापूरकरानं का वाचावं? कारण ऊस-इथेनॉलच्या नकाशावर हा जिल्हा राज्यात सर्वांत पुढच्या रांगेत आहे. कारखाने तीसहून अधिक, त्यातल्या कितीतरींच्या दारात डिस्टिलरी, आणि तिथला माल पाकणीच्या इंधन डेपोपर्यंत टँकरनं जातो. इथेनॉलचं पाणी म्हणजे स्पेंटवॉश. (गावात त्याला मळीचं पाणी म्हणतात. पंचाईत अशी की मोलॅसिसलाही मळी म्हणतात आणि गाळणीवरच्या प्रेसमडलाही मळीच. निम्मे वाद या एका शब्दानं वाढवलेत.) मोलॅसिस, म्हणजे साखर काढल्यावर उरलेला दाट पाक, आंबवून त्यातलं अल्कोहोल उकळून काढलं की तळाशी उरतो तो तपकिरी-काळा, आंबट, कढत द्रव. जुन्या पद्धतीत लिटर अल्कोहोलमागे १२ ते १५ लिटर, सुधारलेल्या प्लँटमध्ये ८ ते १०. बीओडी, म्हणजे त्यातली सेंद्रिय घाण खाताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरला ४० ते ६० हजार मिलिग्रॅम. घरगुती सांडपाण्याचा दोन-तीनशे असतो. दहा हजार लिटरचा एक टँकर रात्री ओढ्यात उलटला तर काय होतं त्याचं गणित सोपं आहे: ५० हजाराच्या हिशोबानं त्याला ५०० किलो प्राणवायू लागतो. नदीच्या पाण्यात लिटरला सात मिलिग्रॅम प्राणवायू असेल तर सात कोटी लिटर पाणी त्या एका टँकरपायी निष्प्राण होऊ शकतं. मासे वर तरंगतात, फोटो छापून येतो, नोटीस निघते.

फोटो खरा असतो, राग रास्त असतो. तरी मेलेला मासा हा या गोष्टीतला लवकर भरून निघणारा भाग आहे. पुढचं आवर्तन सुटलं, पाऊस झाला, की नदी श्वास घेते. जे भरून निघत नाही ते त्याच टँकरमधलं पोटॅशियम, क्लोराइड आणि सल्फेट. आणि त्यातलं पोटॅशियम-क्लोराइड तर बायोगॅसच्या टाकीतून न हलता बाहेर येतं. तो टप्पा चांगलाच आहे: बंद टाकीत जिवाणू सेंद्रिय भाग खातात, बीओडी ८५-९० टक्के उतरतो, बॉयलरला वायू मिळतो. मात्र अहवालात बीओडीचा आकडा खाली आलेला पाहून टाळ्या वाजवणारा आणि अक्रोडाच्या गाळणीनंतरचं नितळ पाणी पाहून खूश होणारा टेक्सासचा विहीरवाला, दोघं एकाच चुलीवरचे.

इथेनॉलवाल्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा इथे येतो. ते म्हणतील, तेलातलं मीठ सोडियम क्लोराइड, ते कुणाच्याच उपयोगाचं नाही. आमच्यातलं पोटॅश हे खत आहे. देश पोटॅश सगळं बाहेरून आणतो, आणि तुम्ही आम्हाला ते 'प्रदूषण' म्हणून मोजायला सांगता? मुद्दा खरा आहे, आणि तो नाकारणारे पर्यावरणवादी स्वतःचं नुकसान करतात. शेतातून उसाबरोबर गेलेलं पोटॅश शेतात परत यावं यासारखं दुसरं काही नाही. पण खत हा शब्द मात्रेला जोडलेला आहे. दिवसाला ६० हजार लिटरची डिस्टिलरी घ्या. लिटरमागे १० लिटर म्हणजे रोज सहा लाख लिटर स्पेंटवॉश. त्यात पोटॅशियम लिटरला साधारण १० ग्रॅम धरलं तर रोज सहा टन. खताच्या भाषेत, म्हणजे पोटॅशियमचा ऑक्साइड धरून, ७.२ टन पालाश. वर्षाला २७० दिवस चालली तर १,९४४ टन. आडसाली उसाला हेक्टरी १७० किलो पालाशची शिफारस आहे. म्हणजे हे पोटॅश खत म्हणून वापरायचं तर सुमारे ११,४०० हेक्टर, २८ हजार एकर ऊस लागेल. कारखान्याच्या कुंपणालगतच्या शंभर एकरांत ते गेलं तर मात्रा होते शिफारशीच्या सुमारे २८० पट. २८ हजार एकरांवर जे खत, ते शंभर एकरांवर काय?

काळ्या रानात याचं उत्तर दोन-तीन हंगामांत दिसतं. वरंब्याच्या माथ्यावर उन्हाळ्यात पांढुरका थर येतो, कारण पाणी वर चढतं, उडतं आणि क्षार तिथेच टाकून जातं. पोटॅशियम फार झालं की पीक मॅग्नेशियम-कॅल्शियम घेऊ शकत नाही. जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडतो आणि शेतकरी बिचारा युरिया मारत राहतो. क्लोराइडनं द्राक्षाच्या पानाच्या कडा करपतात. डाळिंब त्यामानानं सोशिक. आणि सोडियम साठलं तर चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, भेगा-छिद्रं बुजतात, पाणी मुरतच नाही. जमीन चोपण होते. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात हा क्षार धुऊन खाली नेणार कोण? आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि पंचवीस वर्षांत त्या खोऱ्यातल्या खारावलेल्या जमिनींची पाहणी करायची वेळ आली. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी १९१० मध्ये ती केली. तिथे तर कारखान्याचं पाणी नव्हतं, नुसतं गोड कालव्याचं पाणी आणि निचऱ्याकडे केलेलं दुर्लक्ष होतं.

ब्राझीलनं हा प्रश्न आपल्या आधी सोडवायला घेतला. १९७५ मध्ये त्यांचा अल्कोहोल कार्यक्रम सुरू झाला. नोव्हेंबर १९७८ मध्ये स्पेंटवॉश नदीत सोडायला बंदी आली. मग शेतात देण्याची पद्धत रुळली, आणि साओ पाउलो राज्यानं २००५ मध्ये मात्रेचं सूत्रच बांधून दिलं. जमिनीची क्षार धरून ठेवण्याची ताकद मोजायची. त्यातल्या पाच टक्क्यांपर्यंत पोटॅशियम भरलं की थांबायचं. त्यानंतर पीक दर कापणीला जेवढं उचलतं तेवढंच, हेक्टरी १८५ किलो पालाश, द्यायचं. पाणी किती लिटर द्यायचं ते त्यातल्या पोटॅशवरून ठरतं. म्हणजे माती तपासल्याशिवाय टँकर हलत नाही. तिथली अंमलबजावणी आदर्श आहे असा माझा दावा नाही. पण प्रश्न बरोबर विचारलाय.

आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे झेडएलडी, कारखान्याबाहेर द्रवाचा थेंब नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००३ च्या सनदेत २००५ अखेर सगळ्या स्पेंटवॉशचा वापर करण्याचं बंधन आलं, आणि चांगल्या प्लँटनं ते पाळून दाखवलंय हे मान्य करायलाच हवं. मात्र नाव नीट वाचा: शून्य द्रव. शून्य क्षार नव्हे. स्पेंटवॉश इव्हॅपोरेटरमध्ये आटवून ५५-६० ब्रिक्सचा (शंभर भागांत ५५-६० भाग घन) काकवीसारखा स्लॉप करतात आणि भुसा किंवा कोळशाच्या जोडीनं बॉयलरमध्ये जाळतात. बिघडतं कुठे ते प्लँटवरच्या कुणालाही ठाऊक असतं. इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत कॅल्शियम सल्फेटचा दगडासारखा थर चढतो; त्याखाली करपलेला काळा चिकट पापुद्रा. उष्णता आरपार जाईना की आटण्याचा वेग पडतो. मग कॉस्टिक, मग आम्ल, फिरवून धुवायचं, हट्टी थर असेल तर नळी-नळीतून ब्रश घालायचा. बॉयलरमध्ये पोटॅशियमची राख कमी तापमानाला वितळते आणि सुपरहीटरच्या नळ्यांना गुळासारखी चिकटते. वायूला वाट उरत नाही, बॉयलर थांबवून खरवडावा लागतो. त्या दिवसांत आंबवण थांबत नाही. स्पेंटवॉश लगूनमध्ये, म्हणजे साठवण तळ्यात, साठतो. लगून काठोकाठ, वर जूनचा पहिला वळीव, आणि मग रात्रीच्या टँकरची गोष्ट सुरू होते. बेइमानीनं होतं तेवढंच हे क्षमतेच्या चुकीच्या हिशोबानंही होतं: प्लँट रोजच्या सरासरीवर बांधलेला, साफसफाईचे दिवस कुणी धरलेलेच नाहीत. प्रेसमडवर स्पेंटवॉश फवारून कंपोस्ट करणाऱ्यांचं पावसाळ्यात अंगण ओलं असतं, त्यांचीही हीच गत.

आणि सगळं सुरळीत चाललं तर? तर मीठ राखेत येतं, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. राखेतून होणाऱ्या खतात किमान साडेचौदा टक्के पालाश असावं असं खत नियंत्रण आदेश सांगतो; २०२४ च्या सुरुवातीला केंद्रानं खत कंपन्यांना विकण्यासाठी त्याचा भाव टनाला ४,२६३ रुपये ठरवून दिला. वर मोजलेलं पोटॅश पोत्यांत भरून जिल्ह्याबाहेरही नेता येतं, शंभर एकरांत कोंबावं लागत नाही. तेलाच्या मिठाला अशी वाट नाही; ही इथेनॉलची खरी जमेची बाजू. पण मग सोलापुरातल्या वादात राखेच्या पोत्यांचा आकडा कुणीच का सांगत नाही? पोती किती निघाली, कुणाला विकली, हे कळलं की मीठ कुठे गेलं ते कळलं.

"त्यापेक्षा डिस्टिलऱ्या बंदच करा" म्हणणाऱ्यांना तमिळनाडूतल्या तिरुपूरची, कापड रंगवणाऱ्या शहराची, आठवण द्यायला हवी. टॉवेल-चादरीच्या शहराला ती परकी नसावी. रिअॅक्टिव्ह रंग सुतावर चढायला रंगाच्या हौदात लिटरला ४० ते ८० ग्रॅम मीठ घालावं लागतं, हे इथल्या प्रत्येक डाइंगवाल्याला माहीत आहे. तिरुपूरचं ते मीठ नोय्यल नदीतून ओरत्तुपाळयम धरणात साठलं. ज्या शेतकऱ्यांसाठी १९९२ मध्ये धरण बांधलं त्यांनाच पाणी नको झालं. २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयानं सातशेच्या आसपास डाइंग युनिटं बंद करायला लावली. बंदीनं धरणातलं मीठ नाहीसं झालं नाही. फरक पडला तो सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं पुन्हा उभी राहिली आणि खारं द्रावण परत रंगाच्या हौदाकडे वळलं तेव्हा. मीठ विकत घ्यायचा खर्च वाचला म्हणून ते टिकलं. बंदीची धमकी लागली हेही खरं, मी नाकारत नाही. नुसत्या धमकीनं मात्र टँकर दिवसाऐवजी रात्री निघतो, एवढंच.

राहिला मोजमापाचा प्रश्न, आणि ते जमणार नाही ही सबब मला सर्वांत कमी पटते. तेलाच्या धंद्यात रॉयल्टीसाठी तेल शेवटच्या बॅरलपर्यंत मोजत आले. पाणी मात्र कितीतरी ठिकाणी अंदाजानं लिहीत. आपल्याकडे राज्य उत्पादन शुल्क विभाग मोलॅसिसचा टन आणि अल्कोहोलचा लिटर कुलूपबंद हिशोबात ठेवतो. ज्यावर कर, त्याला माप. पण अल्कोहोलचा आकडा हाती आहे म्हणजे स्पेंटवॉशचाही आहे. फक्त आठ-दहानं गुणायचं. त्यापुढे इव्हॅपोरेटरला किती गेला, स्लॉप किती जळला, राख किती निघाली, तिच्यात पालाश किती, हे चार रकाने. दोन्ही बाजू जुळायला हव्यात. तूट दिसली तर ती लगूनमध्ये आहे, कंपोस्टमध्ये आहे, किंवा ओढ्यात. प्रदूषण मंडळानं गेटवर कॅमेरा आणि फ्लोमीटर बसवून घेतलेत, ठीक आहे, पण कॅमेऱ्याला खारट-गोड कळत नाही.

गावाकडूनही माप घेता येतं. एक भाग माती, अडीच भाग डिस्टिल्ड पाणी, अर्धा तास ढवळायचं, निवळू द्यायचं आणि वरच्या पाण्यात हातातला ईसी मीटर, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज जाते त्यावरून क्षार सांगणारा मापक, बुडवायचा. आकडा एक डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या आत असेल तर जमीन ठीक. त्यापुढे उगवणीला त्रास सुरू होतो. विहिरीच्या पाण्याचा ईसी २.२५ च्या वर गेला तर केंद्रीय मंडळाच्या वर्गवारीत ते सिंचनालाही बसत नाही. गाळप सुरू होण्याआधी ऑक्टोबरात एकदा आणि पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात एकदा, कारखान्याच्या चारही दिशांच्या त्याच त्या विहिरींचा आकडा वहीत लिहून ठेवला तर पाच वर्षांनी भांडायला मेलेला मासा शोधावा लागणार नाही. फक्त पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी इथेनॉल करणाऱ्या काही प्रकल्पांना २०२१ च्या सुधारणांनी जनसुनावणीतून सूट दिली, त्यामुळे ही वही आता आणखी लागणार. जिथे सुनावणी होते तिथे रोजगाराचे आणि वासाचे प्रश्न होतातच. त्यात एक वाढवायचा: गेल्या हंगामात राखेची किती पोती भरली आणि ती कुणाच्या नावावर गेली, त्याची पावतीपुस्तकं टेबलावर ठेवा.